राज्य गेले, छत्र उरले

मराठीत ‘छत्र’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. राजाच्या डोक्यावर धरतात तेही छत्र आणि भुकेल्याला जेवू घालण्याची जागा तेही छत्र, म्हणजे अन्नछत्र. हे दोन अर्थ एकाच माणसाच्या आयुष्यात कसे समोरासमोर आले आणि त्याने त्यातून काय केले, याचा आज आपण अभ्यास करणार आहोत. तुमच्या घरात सध्या दीर्घ आजारपण असेल, परीक्षेत, नोकरीत किंवा धंद्यात मनाविरुद्ध घडले असेल, तर हा पाठ थोडा सावकाश वाचा.

मी स्वतः या विषयाकडे अपघाताने आले. अनुवादाच्या सेवेत एका लेखात ‘छत्तिरम’ हा तमिळ शब्द आला आणि मी बेधडक ‘धर्मशाळा’ असे लिहून मोकळी झाले. लेख तपासणाऱ्या ताईंनी त्यावर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून पाठवले. त्या प्रश्नचिन्हाच्या मागे जाता जाता मी तंजावर जिल्ह्यातल्या ओरत्तनाडु या गावापर्यंत पोहोचले.

तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर, साधारण २५ किलोमीटरवर हे गाव लागते. पूर्वी याच भागातून यात्रेकरू रामेश्वरला पायी जात. येथे एक जुनी भव्य वास्तू आहे, मुक्तांबाळ छत्र. इमारतीच्या पुढच्या भागाला रथाचा आकार दिला आहे. ती बांधली तंजावरचे मराठी राजे सरफोजी दुसरे यांनी, १८०२ साली. त्या वेळी ते पंचविशीच्या आतबाहेर होते. त्या वयापर्यंत त्यांच्यावर काय काय गुदरले होते ते आधी पाहू, कारण ते समजल्याशिवाय या इमारतीचा अर्थ लागत नाही.

सरफोजींचा जन्म १७७७ चा. तुळजाजी महाराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले आणि लगेच त्याच वर्षी महाराजांचे निधन झाले. दहा वर्षांचे मूल. दत्तकविधान शास्त्राला धरून नाही असा निर्वाळा पंडितांकडून मिळाला, कंपनी सरकारने तो मान्य केला आणि गादीवर बसले अमरसिंह. लहान सरफोजींच्या वाट्याला जवळजवळ कोंडून ठेवल्याचे दिवस आले, शिक्षणही बंद. तुळजाजींनी मरताना ज्यांच्यावर या मुलाची जबाबदारी सोपवली होती, त्या श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्यांनी खटपट केली आणि १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला हलवण्यात आले. तेथे त्यांचे शिक्षण मार्गी लागले. पुढे दत्तकाचा निर्णय फिरला आणि १७९८ मध्ये त्यांना गादी मिळाली. त्याच वर्षी, राज्याभिषेकाच्या काही महिने आधी श्वार्ट्झ वारले होते. ज्याने सांभाळले त्याला हे पाहायला मिळाले नाही. पुढे सरफोजींनी फ्लॅक्समन या नामांकित इंग्रज शिल्पकाराकडून श्वार्ट्झ यांचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. ते आजही तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

एवढ्या वनवासानंतर मिळालेली गादी किती टिकली? साधारण सव्वा वर्ष. ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्याचा सारा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला आणि आसपासचा थोडा परिसर. बदल्यात वर्षाला १ लाख स्टार पॅगोडा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे, त्यामुळे हे कलम वाचल्याबरोबर मला अग्रहक्क भागधारक आठवला. लाभांश ठरलेला, पण सभेत मत नाही. स्वतःच्याच घराण्याच्या राज्यात सरफोजींची ही अवस्था झाली, आणि वय होते बावीस. राजछत्र डोक्यावर होते, पण त्याची सावली पडेल एवढी जमीन हातात नव्हती.

आणि याच सुमारास मुक्तांबा गेली. ती राणी नव्हती. सरफोजींची ती तरुणपणाची सहचरी, तिच्यावर त्यांचा फार जीव. आपल्या नावाने एक छत्र बांधावे आणि तेथे गरोदर बायकांची, आजाऱ्यांची नीट सोय व्हावी, अशी तिची शेवटची इच्छा होती असे सांगितले जाते.

आता येथे थांबून स्वतःला विचारा, या जागी आपण काय केले असते? मला माझे उत्तर माहीत आहे. मी दार लावून घेतले असते. एका वर्षी माझे दोन विषय राहिले तर मी तीन आठवडे मैत्रिणींचे फोन घेतले नव्हते. आणि येथे तर बालपण, राज्य आणि जिवाचे माणूस, असे तीन विषय गेलेले.

मध्यरात्रीची घंटा

तंजावरच्या मराठी राजांनी यात्रेच्या मार्गावर अनेक छत्रे उभारली होती, पुष्कळशी राजघराण्यातल्या स्त्रियांच्या नावांची. नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र त्यांपैकीच एक. १७९९ नंतर यांचे काय होणार हा प्रश्न उभा राहिला. १८०१ मध्ये सरफोजींनी कंपनीच्या रेसिडेंटला एक पत्र लिहिले. छत्रांचा कारभार आपल्याकडेच राहावा ही त्यातली विनंती आणि ती पटावी म्हणून छत्रांत रोज काय चालते त्याचे वर्णन. राज्य परत द्या असे त्यात नाही. तो मुद्दा संपलेला आहे हे त्यांनी ओळखले होते. मागितले ते एवढेच, की हे काम माझ्या हातून काढून घेऊ नका.

त्या पत्रातले तपशील वाचताना मी थक्क झाले. ब्राह्मणापासून तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींपर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, कुणीही वाटसरू येवो, त्याला शिजवलेला भात मिळे. जे दुसऱ्याच्या हातचे शिजवलेले खात नसत त्यांना कोरडा शिधा. कुणी आजारी पडला तर वैद्य, औषध आणि पथ्याचे जेवण, बरा होईपर्यंत. तान्ह्या मुलांना दूध. गरोदर स्त्रीची विशेष काळजी. ती छत्रातच बाळंत झाली तर सगळा खर्च छत्राचा आणि पुढे तीन महिने तिला तेथे राहण्याची मुभा. अनाथ मुलांचा सांभाळ आणि शिक्षण. कुणी वारलाच तर त्याच्या रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार. आणि मध्यरात्री एक घंटा वाजवली जाई. जो कुणी अजून उपाशी असेल त्याने यावे आणि त्याच्यासाठी शिजवलेला भात घ्यावा, म्हणून.

पत्रानंतर दुसऱ्याच वर्षी ओरत्तनाडुचे छत्र उभे राहिले. अन्नदान आणि औषधोपचार यांच्या जोडीला तेथे शाळाही चालली. पुढच्या काळात गावाची ओळखच या छत्राशी जोडली गेली.

मित्रहो, यातली चिकाटी नीट पाहा. आपण चिकाटी म्हटले की डोळ्यासमोर आणतो दात-ओठ खाऊन डोंगर चढणारा माणूस. येथे तसे काही नाही. भात किती शिजवायचा, वैद्य वेळेवर येतो की नाही, दुधाचा रतीब चुकला का, घंटा वाजली का, असल्या बारीकसारीक गोष्टी, आणि त्या उद्याही, परवाही. दुःख मोठे होते आणि त्यावरचे काम लहान लहान तुकड्यांचे होते. मला वाटते दीर्घ आजारात टिकून राहणेही असेच असते. बारा महिन्यांचे बळ एकदम गोळा करता येत नाही. आजची गोळी, आजची चार पावले, आजचे अंघोळीचे पाणी, एवढेच हातात असते.

सरफोजींनी आजार या विषयाकडे पुढे आयुष्यभर लक्ष दिले. तंजावरला त्यांनी धन्वंतरी महाल चालवला. तेथे देशी वैद्य आणि युरोपीय पद्धतीचे डॉक्टर बरोबरीने काम करीत आणि गुण आलेल्या उपायांची नोंद ठेवीत. त्या नोंदींवरून ‘सरभेंद्र वैद्य मुरै’ हे तमिळ ग्रंथ तयार झाले. डोळ्यांच्या रुग्णांचे त्या काळचे केसपेपर आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत, रोगट डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह. आपल्याकडे रुग्णाची फाइल बहुधा पिशवीत चुरगळलेली असते. दोनशे वर्षांपूर्वी एका राजाने रुग्णांचे डोळे निरखून रंगवून घेतले होते.

१८२० मध्ये मोठा लवाजमा घेऊन ते काशीयात्रेला निघाले आणि परतताना हस्तलिखिते घेऊन आले. ती कहाणी वेगळ्या लेखाची आहे.

आणि विनोद कुठे आहे?

हा प्रश्न मलाही पडला होता. छत्र, औषध, अंत्यसंस्कार, यात हसण्यासारखे काय? पण तंजावरच्या या घराण्याला हसण्याची चांगली सवय होती. सरफोजींच्या शंभर वर्षे आधी शहाजी राजांनी तेलुगूत ‘सतीदानशूरमु’ नावाचे प्रहसन लिहिले. त्यात स्वतःला ज्ञानी समजणाऱ्या एका गुरुजींची मनसोक्त फजिती आहे. (अध्यात्माच्या वाटेवरच्या आपण सगळ्यांनी अशी एखादी गोष्ट अधूनमधून वाचावी असे माझे प्रामाणिक मत आहे.)

सरफोजींनी स्वतः मराठीत एक नाटक रचले, ‘देवेंद्र कुरवंजी’. कुरवंजी हा दक्षिणेतला लोकप्रिय नाट्यप्रकार. त्याचा साचा ठरलेला. नायिका विरहाने व्याकूळ असते, डोंगरातली एक कुरवंजी बाई टोपली घेऊन येते, आपल्या भटकंतीची वर्णने गाते आणि मग हात पाहून भविष्य सांगते, की तुझा प्रियकर तुला मिळेल. सरफोजींच्या नाटकातली कुरवंजी इंद्राणीपुढे येते आणि सांगते काय, तर जगाचा भूगोल. देश, शहरे, पर्वत, पृथ्वीचा आकार, सूर्याभोवतीची तिची फेरी.

कल्पना करा. ज्याचे राज्य किल्ल्याच्या तटापाशी संपते, तो राजा एका भविष्य सांगणाऱ्या बाईच्या तोंडून साऱ्या पृथ्वीची मोजदाद करवतो. सरफोजींनी हे हसत लिहिले की गंभीरपणे, ते त्यांचे त्यांना ठाऊक. मला मात्र ते वाचताना हसू येते आणि ते हसू चांगले वाटते. भविष्य विचारायला आलेल्याला भूगोल शिकवायचा! आपणही आजारपणात हेच विचारत असतो ना, माझे पुढे काय होणार? आणि ज्यांना ते सांगता येत नाही त्यांच्याकडूनच ऐकायची धडपड करतो. त्यापेक्षा जग किती मोठे आहे हे कुणी गाऊन दाखवले, तर निदान आपल्या दुखण्याचा आकार तरी खरा कळेल.

येथे समर्थ रामदासांची आठवण होते. त्यांच्या शिष्यपरंपरेतल्या मंडळींचे मठ तंजावर भागात होते आणि सरस्वती महालात रामदासी वाङ्मयाची हस्तलिखिते जपलेली आहेत. टवाळीचा समर्थांना तिटकारा होता हे आपण सगळे जाणतो, म्हणून कित्येकांना वाटते की साधकाने हसूच नये. पण दासबोधाचा तिसरा दशक काढा आणि सहावा समास वाचा. आध्यात्मिक ताप समजावताना समर्थ शरीराच्या दुखण्यांची यादी सुरू करतात आणि ती संपता संपत नाही. एखाद्या जुन्या वैद्याच्या दुकानावरची पाटी वाचतो आहोत असे वाटते. चौथ्या-पाचव्या ओवीनंतर आपले दुखणे त्यात सापडते, आणि ‘अरे, हे पण आहे!’ म्हणून आपोआप ओठ हलतात. दुखण्याला लपवायचे नाही, त्याचे नाव स्पष्ट घ्यायचे, हा विनोदाचाही पाया आहे. ज्याचे नाव घ्यायची भीती वाटते त्यावर हसता येत नाही.

पुढे तंजावरात मराठी कीर्तन तमिळ मंडळींनी आपलेसे केले. तंजावर कृष्ण भागवतरांसारख्या कलावंतांनी साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते तमिळ हरिकथेत नेऊन बसवली. कीर्तनकार जड निरूपणाच्या मध्ये एक हलका किस्सा का सोडतो, हे ज्याने तीन तास मांडी घालून कीर्तन ऐकले आहे त्याला सांगावे लागत नाही.

आता एक सावधगिरी, आणि ही मला महाग किमतीला शिकायला मिळाली.

माझे आजोबा गेली दोन वर्षे डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. त्या मशीनला ते ‘जावईबापू’ म्हणतात. आठवड्यातून तीनदा न चुकता भेटीला जायचे, चार तास हातात हात देऊन बसायचे, त्यांचा आवाज चढला की सगळ्या घराने धावायचे आणि वर बाहेर कुणाकडे तक्रार करायची नाही. पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा तिथल्या सिस्टरसुद्धा सलाईनचा स्टँड धरून हसत होत्या. (माझ्या वडिलांना म्हणजे त्यांच्या मुलाला हा विनोद फार आवडतो, आत्याच्या यजमानांना जरा कमी.)

तर मला वाटले, हेच औषध. एका दिवशी ते गप्प होते. सुई नीट लागली नव्हती, हात सुजला होता. मी आपली नेहमीप्रमाणे, “काय आजोबा, आज जावई रुसले वाटतं?” असे म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि तोंड भिंतीकडे वळवले. घरी येईपर्यंत ते बोलले नाहीत. रात्री आजी मला म्हणाली, “अगं, तो विनोद त्यांचा आहे. तुझा नाही.”

त्या वाक्यावर मी खूप विचार केला आहे. आजाऱ्याचा विनोद ही त्याची स्वतःची मिळकत असते. तो ती खर्च करील तेव्हा आपण मनापासून दाद द्यावी, पण त्याच्या वतीने आपण ती उधळू नये. ‘हसत राहा, सकारात्मक विचार करा’ असे अंथरुणावरच्या माणसाला सांगणारे आपण बहुतेक वेळा आपलीच भीती झाकत असतो. त्याच्या शेजारी बसणे, पाणी देणे, खिडकीचा पडदा सरकवणे, हे करता येते. सरफोजींच्या पत्रात आजाऱ्याला उपदेश करण्याची तरतूद कुठेही नाही, हे लक्षात घ्या. वैद्य आहे, औषध आहे, पथ्याचा भात आहे.

म्हणून या आठवड्यात स्वाध्याय म्हणून एक करून पाहा. तुमच्यावर जे संकट आहे त्याबद्दल एका वहीत दोन ओळी लिहा, त्यातली एक तुम्हाला स्वतःला हसू येईल अशी. ती कुणाला दाखवू नका. हसू आले नाही तर पान कोरे सोडा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. मग त्याच पानावर लिहा की आज माझ्या हातात काय उरले आहे आणि त्यातले कुणाच्या उपयोगी पडेल. ‘काही नाही’ असे लिहायची घाई करू नका. कंपनीने सगळे नेल्यावर सरफोजींच्या हाती महसुलाचा पाचवा हिस्सा उरला होता. आपल्या दिवसाचा पाचवा हिस्सा काढला तरी पावणेपाच तास भरतात.

ओरत्तनाडुच्या परिसराला अलीकडेही असा हिशोब मांडावा लागला. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ जमिनीवर आले आणि पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी, ओरत्तनाडु या पट्ट्यातल्या नारळाच्या बागा आडव्या झाल्या. नारळाचे झाड म्हणजे भाजीचा वाफा नव्हे. आज रोप लावले तर उंच जातीच्या झाडाला फळ धरायला पाच-सात वर्षे जातात. साठीतल्या शेतकऱ्याने रोप लावायचे म्हणजे पहिला नारळ कोण फोडणार हे ठाऊक नसताना खड्डा खणायचा. तरी खड्डे खणले गेले, रोपे लागली.

आजोबांच्या आणि माझ्यात त्या दिवसानंतर आठवडाभर अबोला नव्हता, पण जावईबापूंचे नावही निघाले नाही. पुढच्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर गेले. पलीकडच्या बेडवर गावाहून पहिल्या एसटीने आलेले एक काका होते आणि त्यांच्यासोबत दहावी-अकरावीतला त्यांचा मुलगा, भिंतीला टेकून उभा. आजोबांना मशीन लावून झाली. त्यांनी मोकळ्या हाताने मला पिशवी जवळ आणायला खुणावले. आत आजीने दिलेला पोळी-भाजीचा डबा होता, जो खरे तर माझ्यासाठी होता.

“त्या पोराला विचार,” ते हळूच म्हणाले, “सकाळपासून काही खाल्लंय का. आणि जावईबापूंना काही विचारू नकोस, त्यांचं पथ्य असतं.”